पराक्रमाची सोडत नको

पूल खचतोय, शाळेची बस कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबकळतेय, आणि रेल्वेचं इंजिन उचलायची ताकद असलेली नायिका तिथे वेळेवर पोचली आहे. तिचं पात्र खेळणारी मुलगी म्हणते, "मी बस धरते." गेम मास्टर म्हणतो, "फासा टाक." वीस बाजूंचा फासा गडगडत जातो आणि एकावर थांबतो. बस नदीत जाते. मुलीने काहीच चुकीचं केलेलं नसतं. तिने कसला मोह धरलेला नसतो, एक वाचवायला दुसरं सोडलेलं नसतं, कुणाशी खोटं बोललेली नसते. तरी तिच्या डोळ्यांदेखत बसमधली मुलं गेली, आणि कारण विचाराल तर एवढंच की प्लॅस्टिकचा एक तुकडा नेमका त्या बाजूवर थांबला.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून तोंडी रचलेली गोष्ट. एक जण गेम मास्टर होतो. जग, शत्रू, संकटं त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी आता असं करतो" म्हणत गोष्ट पुढे नेतात. केलेलं जमलं की फसलं, हे कशाने ठरवायचं, यावर या छंदात कायम वाद आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, तेव्हापासून बहुतेकांचं उत्तर फासे हेच राहिलं.

सुपरहिरोंच्या खेळापुरतं हे उत्तर चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. तिथे फासे नकोत. नियम थोडे हवेत, आणि यश-अपयश खेळाडूने काय पणाला लावलं यावरून ठरायला हवं. आपल्याकडेही पोरं हे खेळ खेळू लागली आहेत, उन्हाळी शिबिरांत त्यांना जागा मिळू लागली आहे. तेव्हा त्यांच्यापुढे कुठला खेळ ठेवायचा, हा प्रश्न आता केवळ छंदवाल्यांचा राहिलेला नाही.

गुहेत शिरून खजिना शोधणाऱ्या साध्या लढवय्याला फासे शोभतात. अंधार, ओली जमीन, बोथटलेली तलवार, समोर आपल्यापेक्षा दांडगा राक्षस. अशा माणसाचं जगणं-मरणं नशिबावर टांगलेलं असणं त्या गोष्टीला धरूनच आहे. सुपरहिरोच्या गोष्टीची जात वेगळी. त्याला जमेल का, हा तिथे मुख्य प्रश्न नसतोच. तो आधी कुणाकडे धावेल, कुणाला थांबायला लावेल, मुखवट्यामागच्या आयुष्यातलं किती गमावेल, हे प्रश्न असतात. बळ भरपूर आणि वेळ अपुरा, या ओढाताणीतच त्या गोष्टीचा जीव आहे. फासा नेमका तिथे येऊन सांगतो की निवडीला अर्थ नाही, तू आकडा बघ.

साधा हिशेब करून बघा. वीस बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता ५ टक्के. एका संध्याकाळी दहा वेळा टाकला, तर निदान एकदा एक पडण्याची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. एक पडला की फसलंच, असा नियम असलेल्या टेबलावर पृथ्वीवरची सर्वांत बलवान व्यक्ती दर दोन-तीन बैठकींत एकदा, कारण नसताना, तोंडघशी पडणार.

हे अवघडलेपण सुपरहिरो खेळ रचणाऱ्यांना सुरुवातीपासून जाणवलं होतं. या जातीचा पहिला प्रसिद्ध झालेला खेळ १९७७ चा, 'सुपरहिरो २०४४'. १९७९ च्या 'व्हिलन्स अँड व्हिजिलँटीज'मध्ये आपण स्वतःलाच पात्र करायचं आणि कुठली शक्ती मिळणार ते फाशांनी ठरायचं. १९८१ साली 'चॅम्पियन्स'ने पहिलं मोठं पाऊल टाकलं: पात्र घडवताना नशीब नाही, ठरावीक गुण हाती घ्यायचे आणि हव्या त्या शक्ती विकत घ्यायच्या. मारामारीत मात्र मूठ-मूठ फासे तसेच राहिले. १९८४ साली जेफ ग्रब यांनी टीएसआर कंपनीसाठी मार्व्हलच्या नायकांचा खेळ केला. त्यात शंभरापर्यंतचा आकडा फाशांनी काढून रंगीत तक्त्यावर निकाल बघायचा. पण त्याच खेळात 'कर्मा' नावाचे गुण होते. लोकांना वाचवलं की ते वाढत, ते खर्चून फाशावरचा आकडा वाढवता येई, आणि नायकाने कुणाचा जीव घेतला तर साठवलेले सगळे गुण एका फटक्यात शून्य. त्या खेळाचा आत्मा या एका नियमात होता. तक्ते कुठलेही चालले असते. पुढे 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स'मध्ये 'हिरो पॉइंट' आले. एक खर्च केला की पुन्हा फासा टाकायचा, आणि दहा किंवा त्याहून कमी आलं तर त्यात आणखी दहा मिळवायचे.

आधी फासा ठेवायचा आणि मग त्याला गप्प बसवायला नियम लिहायचे, असं दशकानुदशकं चाललं आहे. नायकाने केलेली किंमत मोजणी हाच खेळाचा गाभा आहे हे या सगळ्यांना कळलेलं दिसतं. मग गाभाच तेवढा ठेवावा की.

तो ठेवून बघणारेही झाले. एरिक वुजिक यांनी १९८५ साली निन्जा कासवांवरचा खेळ केला होता, फासे आणि तक्ते असलेला. त्यांनीच १९९१ साली 'अँबर डाइसलेस' काढला. त्यात सुरुवातच लिलावाने होते. प्रत्येकाकडे शंभर गुण. मनोबल, ताकद, दमसास आणि युद्धकौशल्य या चार गोष्टींवर उघड बोली लावायची. हरलेली बोलीही परत मिळत नाही. नंतर दोन पात्रं भिडली की बोलीत वरच्या क्रमांकावर आलेला जिंकतो, हे आधीच सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे खालच्या क्रमांकाचा खेळाडू तलवारीला तलवार भिडवत नाही. तो जागा बदलतो, वेळ बदलतो, समोरच्याला त्याच्या कमकुवत बाजूकडे ओढतो. अनिश्चितता नाहीशी झाली की डोकं चालू लागतं, हे मला या खेळाने दाखवलेलं सर्वांत मोलाचं सत्य वाटतं. १९९९ च्या 'नोबिलिस'मध्ये आणखी एक चांगली कल्पना आली: तुमच्या पात्राचं वैगुण्य आड आलं आणि तुम्ही त्याचा त्रास सोसलात, तर चमत्कारासाठी वापरायचे गुण तुम्हाला मिळतात. दुबळेपणा लपवण्याऐवजी खेळाडू तो पुढे आणू लागतो.

सुपरहिरोंवरचा बिनफाशांचा सर्वांत ठळक प्रयोग खुद्द मार्व्हलने २००३ साली केला. लाल दगड म्हणजे ऊर्जा, पांढरे म्हणजे प्रकृती. कॉमिकच्या एकेका चौकटीएवढ्या क्षणात कुठल्या कामाला किती लाल दगड लावायचे ते खेळाडूने ठरवायचं. अपेक्षेएवढा खप झाला नाही म्हणून साधारण वर्षभरात कंपनीने तो गुंडाळला. फासे नसले की खेळ चालत नाही, याला पुरावा म्हणून हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. मला तो पुरावा वाटत नाही. त्या खेळात फासे नव्हते, पण तो हलकाही नव्हता; दर चौकटीला बेरीज-वजाबाकी होती आणि लढताना समोरच्याने किती दगड लावलेत हे न कळता आपले लावायचे होते. अंदाज बांधून लावलेला दगड आणि टाकलेला फासा यांत फार अंतर उरत नाही. किंमत लपवली तर निवड कसली?

आता खरा आक्षेप. फासे काढले की सगळी सत्ता गेम मास्टरच्या हाती जाते, असं म्हणतात. फासा कुणाचा मिंधा नसतो, माणूस असतो.

हा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही. प्रशियाच्या सैन्यात रायसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ रूढ केला: नकाशावर ठोकळे, गोळीबाराच्या नुकसानीचे तक्ते, आणि तक्ता वाचायला फासे. पुढे तक्रार सुरू झाली की तक्ते चाळण्यातच वेळ जातो आणि अधिकारी लढाईचा विचार करायचं विसरतात. १८७६ साली युलियस फॉन व्हेर्दी दु व्हेर्नुआ यांनी सुचवलं की फासे आणि बरेचसे नियम सरळ सोडून द्या, रणांगण पाहिलेला पंच निकाल देईल. खेळ वेगवान झाला, चर्चा निर्णयांवर होऊ लागली. पण सगळा भार पंचावर आला. पंच जाणता असेल तर ठीक, नसेल तर त्याची लहर हाच कायदा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या वॉपन तुरुंगाचं. तिथे २००४ साली एका कैद्याने रोलप्लेइंगसाठी हाताने लिहिलेलं ९६ पानांचं हस्तलिखित जप्त झालं आणि या खेळांवर बंदी आली. प्रकरण कोर्टात गेलं. तुरुंगाचं म्हणणं होतं की या खेळात एक जण बाकीच्यांना काय घडतं ते सांगतो, ही रचना टोळीसारखी आहे. असा खेळ खेळल्याने टोळी झाल्याचा एकही दाखला तुरुंगाकडे नव्हता, तरी २०१० साली तिथल्या संघीय अपील न्यायालयाने (सातवं सर्किट) बंदी उचलून धरली. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या वादाला लागू आहे: ज्या खेळातल्या सत्तेची तुरुंगाला भीती वाटली, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' होता. पुरेपूर फाशांचा खेळ.

फासा गेम मास्टरला आवरत नाही, कारण फासा कधी टाकायचा हे गेम मास्टर ठरवतो. किती आकडा लागेल ते तो ठरवतो, राक्षस किती दांडगा ते तो ठरवतो, आणि पडद्याआड टाकलेल्या फाशावर काय आलं तेही तोच सांगतो. फाशाने सत्ता कमी होत नाही, तिला आडोसा मिळतो. "मी काय करू, फासाच तसा पडला," असं म्हणायची सोय होते.

नशिबाने निर्णय करण्यालाच माझा विरोध आहे, असं मात्र समजू नका. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज जास्त आले की सोडत निघते, आणि ती निघायलाच हवी. तिथे सगळ्या मुलांचा हक्क सारखा असतो, आणि निवड एखाद्या माणसाकडे दिली तर वशिला शिरणार हे आपण जाणतो. दावे सारखे असतील आणि निवडणाऱ्यावर भरवसा नसेल, तिथे सोडत हाच न्याय. बस धरायची की पूल, हा त्या जातीचा प्रश्न नाही. ज्याने धरायचं त्याला विचारून, त्याला परिणाम सांगून तो सोडवायचा असतो.

म्हणजे गेम मास्टरला बांधायचं तर उघड हिशेबाने बांधा. आमच्या इमारतीतल्या मुलांबरोबर मी जो खेळ खेळतो त्याचे नियम वहीच्या एका पानावर मावतात. प्रत्येक पात्राला एक शक्ती, एक वैगुण्य, आणि एक असं माणूस ज्याला ते कधीच वाऱ्यावर सोडणार नाही. प्रत्येकासमोर चिंचोक्यांची छोटी रास, सगळ्यांना दिसेल अशी. शक्ती ताणायची तर चिंचोके मोजायचे. गेम मास्टरने किंमत आधी सांगायची. कबूल झाल्यावर ती वाढवता येत नाही. "नाही जमणार" एवढंच म्हणायला त्याला मनाई आहे, त्याने "नाही, पण अमुक दिलंस तर जमेल" म्हणायचं. वैगुण्याने घात केला की एक चिंचोका परत. आपला चिंचोका दुसऱ्याला देता येतो, मात्र देणाऱ्याने इजेतला वाटा घ्यायचा.

एका डावात नदीला पूर आला होता. काही क्षण वेळ थांबवू शकणारी एक नायिका होती. फरशी पुलावर पाण्यात अडकलेला टेम्पो आणि पलीकडच्या कौलांवर बसलेली म्हातारी, दोघांनाही काढायचं होतं. किंमत चार चिंचोके, तिच्यासमोर तीन. मी पर्याय ठेवला: तीन चिंचोके, आणि काठावर उभ्या गावासमोर तोंडावरचा रुमाल सुटेल. ती मुलगी चिंचोके बोटाने पुढे-मागे सरकवत राहिली. शेजारच्या मुलाने आपला एक चिंचोका पुढे केला. तिने विचारलं, "मग तुला लागेल ना?" तो म्हणाला, "लागू दे." त्यावर टेबलावर वाद जुंपला. एकीचं म्हणणं, ओळख गेली की तिच्या घरच्यांचं काय. दुसऱ्याचं म्हणणं, आधीच जखमी असलेल्याने आणखी मार का खावा. अखेर तिने त्याचा चिंचोका परत सरकवला आणि रुमाल सुटू दिला. त्यानंतरचे कित्येक डाव त्या एका निर्णयातून निघाले: गावातला कोण काय बोलला, तिच्या भावाला शाळेत काय ऐकावं लागलं. या जागी फासा असता तर तो दोन सेकंदांत थांबला असता आणि वाद घालायला काही उरलं नसतं.

अचानकपणाचं काय, असं विचारणारे असतात. त्या मुलीने तो चिंचोका परत केला तेव्हा मी चकित झालो होतो. माणसं पुरेशी अनपेक्षित असतात.

याहून अवघड आक्षेप बुजऱ्या मुलांचा आहे, आणि तो मी फार गांभीर्याने घेतो. फासा गप्प मुलालाही तेवढीच संधी देतो. नुसत्या बोलण्यावर चालणाऱ्या खेळात ज्याची जीभ चालते त्याचाच नायक जिंकतो. ठासून बोलणारा, इंग्रजी शब्द फेकणारा, गेम मास्टरच्या मर्जीतला. फासे काढले आणि त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही, तर हे होणारच. म्हणून "नियमच नकोत" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. चिंचोका हा त्यावरचा उपाय आहे. जो फक्त "दोन लावतो" एवढंच पुटपुटतो, त्याच्या दोनांचं वजन वक्त्याच्या दोनांएवढंच. जपानमध्ये र्‍यो कामिया यांनी २००६ साली बिनफाशांचा एक खेळ केला, ज्यात रूप बदलणारे छोटे प्राणी गावातल्या लोकांना मदत करतात. त्याच्या इंग्रजी आवृत्तीचं नाव 'गोल्डन स्काय स्टोरीज'. तिथे कुणी काही सुंदर केलं की टेबलावरच्या कुणीही त्याला दाद म्हणून गुण द्यायचे. कमी बोलणाऱ्या मुलाला दाद मिळायला अशी वाट लागते.

नियम थोडे हवेत, हा आग्रहही इथूनच येतो. 'चॅम्पियन्स'मध्ये लढाईतल्या बारा सेकंदांचे बारा भाग पाडून कोण कुठल्या भागात हलणार याचा तक्ता ठेवावा लागतो, आणि एकच मारामारी अख्खी संध्याकाळ खाऊ शकते. वेळ गेला तरी चालेल, पण जाडजूड नियमपुस्तकाने आणखी एक गोष्ट होते: ज्याच्याकडे पुस्तक त्याचा शब्द अखेरचा. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलापुढे शेकडो पानांचं इंग्रजी पुस्तक ठेवलं, तर गेम मास्टर नियमाप्रमाणे वागतोय की नाही हे ते कसं तपासणार? एक पान मराठीत वाचून दाखवलं की सगळ्यात लहान पोरही हात वर करून म्हणू शकतं, "किंमत आधी सांगायची असते, तुम्ही आत्ता वाढवलीत." पाठ असलेला नियमच गेम मास्टरला अडवू शकतो.

त्यामुळे शिबिरं घेणाऱ्यांना आणि ग्रंथालयांचा बालविभाग सांभाळणाऱ्यांना माझं सांगणं आहे की महागडे संच आणि नामांकित नायक विकत आणण्याची गरज नाही. वही, मूठभर चिंचोके आणि मुलांनी स्वतः घडवलेले नायक पुरतात. अगोदर फाशांचे खेळ खेळलेली मुलं पहिल्या डावात "पण कळणार कसं, जमलं की नाही?" असं विचारतील. किंमत मोजलीस तर जमलं, हे उत्तर पचायला त्यांना थोडा वेळ द्यावा.

आणि गेम मास्टरची खुर्ची फिरती ठेवावी. शिबिर घेणाऱ्या मोठ्या माणसानेच कायम तिथे बसू नये. पहिल्यांदा खुर्चीत बसलेलं पोर हमखास किंमती चढ्या लावतं, सत्तेची चव असते ती. पण पुढच्या डावात तेच पोर खेळाडूंच्या बाजूला बसतं, कालच्या चढ्या किंमती लक्षात ठेवणारं कुणीतरी खुर्चीत असतं, आणि टेबलावर सगळ्यांसमोर भाव ठरायला लागतो.